मुलाखत झाली, यादी लागेना

मंडळी, ऊसतोडीची चिठ्ठी लांबली की घरात काय वातावरण असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नोंद लावलेली असते, तारीख तोंडपाठ असते, पण चिटबॉय काही वस्तीकडे फिरकत नाही. उसाला तुरे आलेले, वजन घटत चाललेलं आणि आपण शेतकी ऑफिसात खेपा घालतोय. कुणाची तरी ओळख काढायची, एखाद्या संचालकाला गाठायचं, दोन शब्द बोलायचे. कधी काम होतं, कधी होत नाही. पण आपण काहीतरी केलं एवढं समाधान तरी राहतं.

आज ज्या वाट पाहण्याबद्दल लिहायचं आहे, तिथं खेपा घालायला ऑफिस नाही आणि ओळखीचा काडीचा उपयोग नाही. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी मुलाखत देऊन आलेलं पोर आणि त्याचं घर, ही ती वाट. पूर्वी हे दुखणं शहराचं होतं. आता तसं राहिलेलं नाही. बारावी विज्ञानाला बसलेलं आणि नीट दिलेलं एखादं तरी पोर आता बहुतेक गावांत सापडतं.

माझ्या चुलतभावाच्या घरी हे मी जवळून पाहिलं. पोरीला ओळखू येऊन अवघडल्यासारखं व्हायला नको, म्हणून गाव आणि वर्ष लिहीत नाही. दादाची साडेतीन एकर जमीन कालव्याच्या शेपटाला. दीड एकर ऊस, बाकी कांदा आणि सोयाबीन. थोरली मुलगी हुशार. तालुक्याला राहून तिनं बारावी केली आणि नीटमध्ये चांगले गुण पाडले. मास्तरांनी सांगितलं, "पुण्याच्या एएफएमसीला पण नाव घाल." तिनं घातलं, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

एएफएमसी म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. पुण्यात वानवडीला, सोलापूर रस्त्याच्या अंगाला. १९४८ सालचं. लष्कराला लागणारे डॉक्टर तिथं तयार होतात. दर साली एमबीबीएसच्या १५० जागा. त्यातल्या ११५ मुलांच्या, ३० मुलींच्या आणि ५ मित्रदेशांनी पाठवलेल्या विद्यार्थ्यांच्या. शिकवणीची फी नाही. मात्र शिकून झाल्यावर लष्करी वैद्यकीय सेवेत रुजू व्हावंच लागतं. काहींना कायमचं कमिशन मिळतं, काहींना ठरावीक वर्षांचं. मध्येच सोडायचं म्हटलं तर बंधपत्राचे लाखो रुपये भरावे लागतात. ही अट नीट वाचूनच पोराला तिकडं पाठवावं. फी नाही म्हणजे फुकट, असा हिशोब करू नये.

नीटच्या गुणांवरून हजारावर मुलामुलींना पुण्याला बोलावतात. तिथं संगणकावर इंग्रजीची आणि तर्कबुद्धीची चाचणी होते, मानसशास्त्रीय चाचणी होते आणि मग अधिकाऱ्यांच्या मंडळापुढं मुलाखत. मुलाखतीला ५० गुण. लष्करी डॉक्टरांची तपासणी असते ती वेगळीच. एवढं झालं की घरी जायचं आणि यादीची वाट बघायची.

आता तुम्ही म्हणाल, नीटचे गुण कळलेच आहेत, मग घोर कशाचा? घोर त्या ५० गुणांचाच. नीटच्या पेपराची उत्तरं नंतर जाहीर होतात, आपले गुण आपल्याला ताडून बघता येतात. मुलाखतीचं तसं नाही. समोरच्या साहेबानं काय लिहिलं ते त्यालाच ठाऊक. आणि वर बसलेली सगळीच पोरं चाळणीतून आलेली, एकमेकांपासून दोन-चार गुणांच्या अंतरावर. मुलींच्या तर तीसच जागा. एखाद्या उत्तरानं नाव वर-खाली होऊ शकतं, हे पोरीला पक्कं माहीत होतं.

एका उत्तराची गोष्ट

तिला विचारलं होतं, तुमच्याकडं काय पिकतं? ती म्हणाली ऊस. साहेबांनी विचारलं, उसाला पाणी किती लागतं, आणि दुष्काळी भागात तो लावावा का? बघा, सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला लष्कराचा साहेब हे विचारतो! तिला उत्तर येत होतं. बापाबरोबर रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन तिनं दारं धरलेली आहेत. पण इंग्रजीत सांगायचं म्हटल्यावर अडखळली. 'आवर्तन' या शब्दाला इंग्रजी शब्द आठवेना. शेवटी हातवारे करून सांगितलं. एक साहेब हसले. ते कौतुकानं हसले की कीव येऊन हसले, हा प्रश्न त्या घरात पुढं बारा दिवस चालला.

मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी पोरगी ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मला म्हणाली, "काका, मी आधी पावसावरचा ऊस म्हणायला पाहिजे होतं का ठिबकवरचा?" मी म्हटलं, आता ते गेलं. ती म्हणाली, "गेलं कुठं? तिथंच आहे." रात्री जेवताना परत तोच विषय. वहिनी वैतागून म्हणाल्या, "त्या उसानं वर्षभर जीव खाल्ला, आता इथं पण तोच."

वाचकहो, तुमच्या घरी हे होईल तेव्हा एक ध्यानात ठेवा. पोर उत्तर पुन:पुन्हा उगाळतं, कारण त्याला दुसरं काही करता येत नाही. पेरणी केलेल्या माणसाला निदान वावरात जाऊन माती उकरून बघता येते, मोड आला का ते. इथं उकरायला माती नाही. 'विचार करू नको' असं सांगून विचार थांबत नाही. हाताला काम दिलं तर थोडा थांबतो. दादानं दुसऱ्या आठवड्यात तिला सोयाबीनच्या खुरपणीला नेलं. बायकांच्या संगतीत ती जरा हसली-बोलली. वहिनींना ते आवडलं नाही, "डॉक्टर होणारी पोर खुरपायला नेता का?" असं झालं. पण मला विचाराल तर दादाचं बरोबर होतं.

गावाचा जाच वेगळा. तुमचा हेतू वाईट नसतो हे मान्य. पण पाण्याच्या टाकीपाशी, डेअरीवर, देवळात, जो भेटेल तो, "काय झालं पोरीचं? लागली का लिस्ट?" सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेला दादा अकराजणांना तेच उत्तर देऊन यायचा. तीन-चार दिवसांनी त्यानं धाकट्याला दूध घेऊन पाठवायला सुरुवात केली. यादी लागली की पेढे घेऊन माणूस आपणहून येतो हो. नाही आला तर समजून घ्यावं.

आणि एक प्रकार सांगतो, कारण तो तुमच्यातले पुष्कळजण करतात. दादा आमदारांच्या पत्रासाठी गेला होता. साहेब भेटले, चहा पाजला आणि सरळ म्हणाले, "अण्णा, तिथं माझं पत्र चालत नाही, चाललं तर उलटं चालेल." असं तोंडावर सांगणारा पुढारी विरळा. दुसऱ्या कुणी पत्र दिलंही असतं, आणि नाव लागलं असतं तर ते आपल्या पत्रानं लागलं असं जन्मभर सांगितलं असतं.

तेव्हाची यादी, आताची यादी

आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. १९९० च्या दशकात राज्यातले मेडिकलचे प्रवेश बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या गुणांवर व्हायचे. यादी कॉलेजच्या फळ्यावर डकवायचे. एसटीनं जायचं, गर्दीत घुसून नाव शोधायचं, नसेल तर दुसऱ्या यादीची तारीख लिहून परत यायचं. १९९९ पासून राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये देशभर नीट झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि २०१६ मध्ये ती परत आली. त्या वर्षी राज्याच्या जागा सीईटीवर भरल्या. २०१७ पासून मात्र सगळं नीटवर.

त्याआधी मुलाखत घेणारी कॉलेजं आणखी होती. तमिळनाडूत वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, डॉ. आयडा स्कडर यांनी उभं केलेलं, लेखी परीक्षेनंतर पोरांना काही दिवस ठेवून घ्यायचं. गटात काम करायला लावायचं, बोलायचं आणि खेड्यातल्या दवाखान्यात राहील असा माणूस निवडायचं. आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये काढलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर प्रवेशपरीक्षेला गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असायचा. नीट आल्यावर हे बंद झालं. वेल्लोरनं त्याविरुद्ध कोर्टात भांडून पाहिलं, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नीट सर्वांनाच लागू, असा निकाल दिला.

हे बरं झालं की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मुलाखत म्हटली की वशिल्याला वाव, अशी आपल्याकडं रास्त शंका असते, आणि काही ठिकाणी ती खरीही ठरलेली आहे. उलट, नुसत्या गुणांवर माणूस कळत नाही हेही खोटं नाही. ज्या पोरीनं रात्रीची दारं धरली तिला आणि ज्या मुलानं दोन वर्षं फक्त क्लासच्या हॉस्टेलात काढली त्याला नीटचा पेपर सारखाच मोजतो. तिला उसाबद्दल विचारणारा साहेब मला तरी आवडला. इंग्लंड-अमेरिकेत तर डॉक्टरकीला मुलाखत सर्रास असते आणि तिकडची पोरं महिनोन् महिने पत्राची वाट बघत बसतात. आपले बारा दिवस त्यापुढं काहीच नाहीत. पण हे त्या घरी सांगायची माझी छाती झाली नाही.

वाट कशी लांबते याचं ताजं उदाहरण २०२४ चं. नीटचा निकाल ४ जूनला लागला. ६७ जणांना पैकीच्या पैकी ७२० गुण, १५६३ जणांना दिलेले वाढीव गुण, पेपरफुटीच्या तक्रारी, सगळा गोंधळ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ जुलैला न्यायालयानं सगळी परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला आणि सुधारित निकाल २६ जुलैला आला. देशपातळीवरची प्रवेशफेरी ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाली. तोवर तेवीस लाखांवर पोरं लोंबकळत राहिली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर. घरोघरी काय झालं असेल याचा अंदाज करा.

वरचा दारं बंद करतो तेव्हा

आता खरा पेच. एएफएमसीची यादी लागायची होती, आणि मधेच राज्याच्या फेरीची यादी लागली. पोरीला एका सरकारी कॉलेजात जागा मिळाली, पण घरापासून चारशे किलोमीटरवर. हजर व्हायला मोजके दिवस. मूळ कागदपत्रं घेऊन या, फी भरा. जावं की पुण्याच्या यादीची वाट बघावी?

इथं पुष्कळ घरं चुकतात, म्हणून जरा फोडून सांगतो. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवरून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. एएफएमसीची नोंदणी देशपातळीच्या समितीच्या संकेतस्थळावर होते, पण निवड ते स्वतः करतात. म्हणजे एकच हुशार पोर तीन ठिकाणी नाव लावून बसलेलं असतं. तीन ठिकाणी नाव लागलं तरी ते बसणार एकाच जागी. बाकीच्या दोन जागा सुटतात आणि खालच्याला मिळतात.

कालव्याच्या शेपटाला असलेल्यांना हे लगेच कळेल. वरच्या गावाची पाळी संपून त्यानं दार बंद केलं की पाणी आपल्याकडं सरकतं. त्याचं भिजणं लांबलं तर आपलं लांबतं. तो आपला दुष्मन नसतो, त्याचंही पीक असतं. प्रतीक्षायादी अशीच सरकते, एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. म्हणून प्रतीक्षायादीत नाव आलं म्हणजे नापास झालो असं समजू नये, आणि लागलंच असंही समजू नये.

मग करायचं काय? हातातली जागा सोडून लांबच्या जागेची वाट बघत बसू नये, हे माझं स्पष्ट मत. जागा घ्यावी. नंतर दुसरीकडं नाव लागलं तर ही सोडता येते, पण कोणत्या तारखेपर्यंत सोडली तर फी आणि कागद परत मिळतात ती तारीख त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते. ती आधी बघावी. देशपातळीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडलं तर अनामत बुडत नाही, दुसऱ्या फेरीपासून बुडते. राज्याचे नियम वेगळे आहेत आणि दर वर्षी त्यात थोडाफार बदल होतो. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या पोरानं काय केलं त्यावर जाऊ नका. पुस्तिका इंग्रजीत असली तर हायस्कूलच्या मास्तरांकडून वाचून घ्या. लाज कसली त्यात?

आणि मूळ कागद एका वेळी एकाच ठिकाणी असतात हे विसरू नये. ते कॉलेजात जमा करायच्या आधी प्रत्येकाच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा, फोनमध्ये फोटो घ्या आणि जमा केल्याची पावती कॉलेजकडून मागून घ्या.

पूर्वी एवढा लांबचा प्रश्न कमी यायचा. राज्यात ७०:३० चा नियम होता, म्हणजे ७० टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना. २०२० मध्ये तो रद्द झाला. आता नागपूरचं पोर कोल्हापूरला आणि साताऱ्याचं नांदेडला, असं चालतं. मराठवाड्यातल्या पालकांची त्या नियमाविरुद्ध बरीच वर्षं तक्रार होती, तीही खोटी नव्हती.

दादा तयार होत नव्हता. चारशे किलोमीटर ऐकून वहिनींनी डोळ्याला पदर लावला. पैशाचाही प्रश्न होता, कांद्याची पट्टी अजून यायची होती. शेवटी पोरगीच म्हणाली, "अण्णा, पुण्याला नाव लागलं तर मी परत येईन. नाही लागलं तर हे पण जाईल आणि ते पण." सोसायटीकडून नाही, पाहुण्यांकडून उचल घेतली आणि बापलेक रात्रीच्या गाडीनं निघाले.

दाखल्यांचं काय?

आता दोन शब्द गावच्या अधिकाऱ्यांसाठी. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, रागावू नका. सरकारनं २०२४ मध्ये तुमची नावं बदलून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी करायचं ठरवलं, पण लोक अजून जुन्याच नावानं हाक मारतात आणि जुनीच कामं घेऊन येतात.

दादाची जात इतर मागासवर्गात. पोरीकडं जातीचा दाखला होता, नॉन क्रीमिलेअर होतं, पण जात वैधता प्रमाणपत्र आलेलं नव्हतं. अर्ज बारावीच्या डिसेंबरात केला होता, त्यात त्रुटी निघाली. पणजोबांची नोंद कुठल्या तरी जुन्या शाळेच्या रजिस्टरात होती आणि आडनाव वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं. पुरावा मिळेपर्यंत उन्हाळा गेला. वैधता हातात नाही म्हटल्यावर राखीव जागेवरचा हक्क सुटला. गुण चांगले म्हणून खुल्यातून जागा मिळाली, पण लांबची, आणि फीची सवलतही गेली. तिचं निदान निभावलं. शेजारच्या गावातल्या एका मुलाचं निभावलं नाही. त्याचं वैधता प्रमाणपत्र मुदत संपल्यावर तीन दिवसांनी आलं. पोरगं वर्षभर परत क्लासला बसलं. बापानं म्हैस विकली.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकानं, पोर अकरावी विज्ञानाला गेलं की त्याच वर्षी पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत करावा. यासाठी २००१ चा कायदा क्रमांक २३ आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात समिती आहे. अनुसूचित जमातीसाठी समित्या वेगळ्या. पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुक, जुनं खरेदीखत, यांत कुठं ना कुठं जात लिहिलेली सापडते. बापाचं किंवा सख्ख्या चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र आधीच झालेलं असेल तर काम बरंच सोपं होतं. म्हणजे घरातल्या पहिल्यानं कष्ट घेतले की पुढच्यांचं भागतं.

दुसरं म्हणजे नॉन क्रीमिलेअर. ते ३१ मार्चपर्यंत चालतं. प्रवेशाच्या तारखेला चालू आहे ना, बघा. देशपातळीच्या १५ टक्क्यांतल्या इतर मागास जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. हे न कळल्यानं पुष्कळ पोरं खुल्यात जातात. वय-अधिवासाचा दाखला तर सगळ्यांनाच लागतो. तोही बारावीच्या वर्षातच काढून ठेवावा. जून-जुलैत सेतू केंद्रापुढं रांग आणि सर्व्हर बंद, हे दर वर्षीचं आहे.

भाऊसाहेब, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांची मुदत ठरवून दिलेली आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याकडं पीकपाणी, पंचनामे, निवडणुकीची कामं, सगळं आहे. एका सज्जात चार-चार गावं. पण उत्पन्नाचा एक अहवाल टेबलावर आठ दिवस राहिला तर कुणाच्या तरी यादीची तारीख निघून जाते. शक्य असेल तिथं दिवाळीनंतर एक दिवस गावात बसा, अकरावी-बारावीच्या पोरांची नावं घ्या आणि ज्याचे जे कागद राहिलेत ते सांगा. जुन्या रजिस्टरातली नोंद शोधायची झाली तर ती तुम्हालाच सापडणार, सेतूवाल्याला नाही.

फोन येतात त्यांच्याविषयी

वाट बघणाऱ्या घराचा वास काही लोकांना बरोबर लागतो. पोरीचा नंबर कुठून मिळाला कुणास ठाऊक, दादाला तीन फोन आले. "तुमच्या मुलीचं काम करून देतो, कोट्यातून सीट आहे, निम्मे आधी द्या." ध्यानात घ्या, खासगी कॉलेजातल्या संस्था कोट्याच्या जागासुद्धा आता सीईटी कक्षाच्या फेरीतूनच गुणांप्रमाणं भरतात. फी जास्त असते एवढंच. आणि एएफएमसीत तर असला कोटाच नाही. फोनवरचा माणूस तुमच्या घाबरण्याचे पैसे मागत असतो. नाव लागलं तर म्हणणार मी केलं, नाही लागलं तर फोन बंद. मुलाखत दिलेल्या पोरांच्या नावावर असे पैसे गोळा करणारे दर हंगामात निघतात. जमीन गहाण टाकून पैसे दिलेला माणूस मला माहीत आहे. त्याला ना जागा मिळाली ना पैसे.

बाराव्या दिवशी दुपारी पुण्याची यादी लागली. पोरगी तेव्हा चारशे किलोमीटरवर हॉस्टेलात होती. तिनं स्वतः बघितली आणि बापाला फोन केला. मुख्य यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत होतं, फार खाली नाही, फार वरही नाही. दादानं मला विचारलं, "म्हंजे काय समजायचं?" मी म्हटलं, वरचे किती दारं बंद करतात त्यावर आहे. तो म्हणाला, "म्हंजे परत वाट बघा."

त्यांच्या घरात फोनला रेंज फक्त उत्तरेच्या खिडकीत येते. दीड महिना दादाचा फोन त्या खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला होता, चार्जरला लावून. रात्री पाळीला जाताना वहिनींना सांगून जायचा, वाजला तर उचला, इंग्रजीत बोलले तर 'होल्ड' म्हणा आणि धाकट्याला हाक मारा. प्रवेशाची मुदत संपली त्या दिवशी धाकट्यानंच तो सोडला. वाजला नव्हता.

पोरगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत आली तेव्हा मी तिला विचारलं, आवर्तनाला इंग्रजीत काय म्हणतात ते सापडलं का? म्हणाली, "रोटेशन. तिथनं बाहेर पडल्यावर गेटापाशीच आठवलं होतं, काका. तुम्हाला सांगितलं नाही."

धाकटा यंदा अकरावीला गेला आहे. दादानं त्याचा पडताळणीचा अर्ज परवाच टाकला. बहिणीचं वैधता प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, आणि पावती खिडकीजवळच्या खिळ्याला लावून ठेवली आहे.